तानाबाईचं माहेर

माझी सासू गेली त्या दिवशी घरात रडणं कमी आणि भांडण जास्त झालं. भांडणारे आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा प्रफुल्ल. आणि भांडण कशावरून, तर लुगड्यावरून.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. सासरच्यांनी कितीही भारी आणलं तरी ते खाली, माहेरचं वर. माहेरचा माणूस दारात येतो. जमलेल्या बाया विचारतात, "माहेरचं कोन आलं?" तो नातं सांगतो, भाऊ, भाचा, जे असेल ते. घरचा मोठा मुलगा लुगडं हातात घेतो, आणि मग बाई उचलतात. तोवर तिरडी हलत नाही. गावात वस्त्या वेगळ्या, स्मशानं वेगळी, पण हा रिवाज सगळ्यांचा एक आहे.

आता माझ्या सासूला माहेर आणायचं कुठून? पंच्याऐंशीच्या पुढं गेलेली बाई. भाऊ गेले, भावजया गेल्या, आणि टेंभरी हे तिचं गाव तर अख्खंच धरणाच्या पाण्याखाली. गावावर पाणी चढलं तेव्हा माणसं वाट फुटेल तिकडं पांगली. कोणी नागपूरला गेलं, कोणी चंद्रपूरकडे खाणीत. एकाचाही नंबर आमच्या मोबाइलमध्ये नव्हता.

प्रफुल्ल जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. अडचण आली की त्याला उत्तर लगेच सुचतं, फक्त ते चुकीचं असतं. आईच्या खाटेखालची पत्र्याची पेटी त्याने ओढली, कुलूप उघडलं आणि त्यातलं कोरं लुगडं बाहेर काढलं.

"हे पाय. घडी मोडली नाई अजून. हेच टाकू."

"ठेवा ते," मी म्हटलं. "ते पुढच्या बाईचं हाय."

"कोनती पुढची बाई?"

"तुमच्या मायले ठाऊक होतं का कोनती ते? तरी ठेवलं ना तिनं?"

त्याने आवाज खाली आणला, कारण अंगणात लोक बसले होते. "आपन बौद्ध आहो, पौर्णिमा. पांढरं वस्त्र, त्रिशरण, पंचशील, संपलं. हे लुगड्याचं जुनं खूळ आता आपल्या घरी नोको."

"हे खूळ तुमच्या मायनं जन्मभर केलं. तिले काऊन नाई सांगतलं?"

सांगितलं होतं खरं तर. मी या घरात आले त्या वर्षीच त्याने तिला हे सगळं व्याख्यान दिलं होतं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "देव सोडले, बाबू. मानसं सोडा म्हून कोनी सांगतलं?" मास्तर गप्प बसला. मास्तर गप्प बसला की समजावं, उत्तर बरोबर आलेलं आहे.

ही माझी सासू, तानाबाई, कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर मी एका लुगड्यासाठी नवऱ्याच्या अंगावर का गेले ते कळणार नाही.

मी नालवाडीची. वर्ध्याला लागून माहेर, नळ दारात, दवाखाना जवळ. लग्न होऊन आले ती समुद्रपूरच्याही पुढं, एसटी फाट्यावर सोडते आणि उरलेला रस्ता पायी. सासरे लहानू केव्हाच तापानं गेलेले. पाच एकर काळं वावर या बाईनं एकटीनं ओढलं होतं. कापूस वेचायला लागली की दोन्ही हात दोन झाडांवर, आणि तोंड माझ्यावर. "एका हातानं वेचतं? दुसरा काय नालवाडीले ठेवून आली?" मी तिला आजारी पाहिली नाही आणि गोड बोलतानाही पाहिली नाही. मीही काही कमी नव्हते. आमचं दोघींचं रोज वाजायचं आणि रोज एकाच ताटलीत आम्ही ठेचा-भाकर खायचो.

त्या पहिल्याच हिवाळ्यात गावाबाहेरच्या वीटभट्टीवरची एक बाई बाळंतपणात गेली. बालाघाटकडचे मजूर होते ते. गाव बघायला गेलं, हळहळलं आणि परत आलं. सासू वावरातून आली, पाय धुतले, पेटी उघडली, लुगडं काढलं आणि मला म्हणाली, "चाल."

भट्टीवर तो नवरा डोकं धरून बसला होता. सासूनं त्याला विचारलं, "गाव कोनतं तुमचं?" त्यानं सांगितलं. हिनं हिशेब लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, "माह्या सासूचा भाऊ तिकडेच खदानीत गेलता. म्हंजे झालीच हे माही बहीन." असा बादरायण संबंध मी जन्मात ऐकला नव्हता. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिनं लुगडं त्या माणसाच्या हातात दिलं. त्याला तिची भाषा अर्धीच कळली असेल, पण बहीण हा शब्द कळला. तो लहान मुलासारखा रडला. मग ती त्या पोरीजवळ वाकली आणि म्हणाली, "आली वं मी. माहेर आलं. जाय आता." आणि पदर झटकून उभी राहिली. वाटेत माझ्याशी बोलली ती फक्त उद्या कोणत्या तुकड्यातला कापूस वेचायचा ते.

मी तिच्या मागून चालत होते आणि मला तिची भीती वाटत होती. वाईटाची वाटते तशी नाही. मोठ्या विहिरीत डोकावल्यावर वाटते तशी.

पुढं कळलं की गावात ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. एखादी बाई गेली आणि तिचं माहेर आलं नाही, तर तानाबाईकडे निरोप जायचा. कधी जायचाही नाही, तीच यायची. एका पोरीनं पळून जाऊन लग्न केलं होतं. ती गेली तेव्हा तिचं माहेर शेजारच्या गावात जिवंत होतं, पण बाप दार उघडेना. सासू आधी तिथं गेली, दारासमोर उभी राहून त्याला जे बोलायचं ते बोलली, आणि तो नाहीच म्हणाला तेव्हा परत येऊन पेटी उघडली. दारात विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी." त्या पोरीची जात कोणती होती आणि हिची कोणती, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

करोनाच्या वर्षी तर कहर झाला. गावातली एक बाई जिल्ह्याच्या दवाखान्यातून परस्पर जाळायला नेली. जवळ कोणाला सोडत नव्हते. ही एवढी म्हातारी, दुधाच्या गाडीत बसून गेली, आणि निळे कपडे घातलेल्या माणसाला दुरून हाक मारून म्हणाली, "बाबू, एवढं तिच्यावर टाक." त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही कोण तिच्या?" ती म्हणाली, "आत्या." त्यानं ते लुगडं त्या प्लॅस्टिकवर नीट पसरलं म्हणे, चारी टोकं ओढून. आल्यावर मी तिच्यावर ओरडले, तुम्हाला काही झालं असतं तर? ती म्हणाली, "मंग तू आनलं असतं का माह्यासाठी? तू तं सासरची."

दिवाळीला मी तिला घेतलेलं प्रत्येक लुगडं त्या पेटीत जायचं. नंतर लुगडी मिळेनाशी झाली तेव्हा साड्या. ती स्वतः विटकंच नेसायची. माझ्या हातानं निवडलेले काठ मी या गावात कुठल्या कुठल्या बायांच्या अंगावर शेवटचे पाहिले आहेत. मला राग यायला हवा होता, आणि मी रागीट आहेच. पण त्या गोष्टीचा राग मला कधी आला नाही. उलट पुढच्या दिवाळीला मी काठ जरा बघून घ्यायला लागले.

तर अशी ती बाई आता माझ्या घरात पांढऱ्या चादरीखाली पडली होती. अख्ख्या गावाचं माहेर झालेली, आणि तिच्यासाठी दारात यायला कोणी नाही. प्रफुल्लच्या हातात पेटीतलं लुगडं होतं आणि माझ्या हातात त्याचं दुसरं टोक.

"पौर्णिमा, सोड ते. इकडे ये, बस माह्याजोळ."

बोलल्या त्या अनुसयाबाई. गावातलं मोठं दुकान आणि मोठी शेती ज्यांची, त्या महादेवरावांची बायको. सकाळपासून बायांमध्ये प्रेताच्या उशाशी बसून होत्या. महादेवराव बाहेर मांडवात पुरुषांत बसले होते. मी जाऊन बसले, कारण त्यांचा मान मोठा आहे. प्रफुल्ल लुगडं घेऊन बाहेर गेला.

"तुह्या सासूनं पहिलं लुगडं कोनाले नेलं, ठाऊक हाय तुले?"

मला वाटायचं, कोणी गरीबाघरची असेल. तसं मी म्हटलं.

"माह्या सासूले," त्या म्हणाल्या. "धुरपताबाईले."

आजूबाजूच्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना माहीत होतं. मलाच कोणी सांगितलं नव्हतं. सासूनं तर नाहीच.

"दोघी टेंभरीच्या," अनुसयाबाई सांगू लागल्या. "सासू वरच्या घरची, तानाबाई खालच्या वस्तीतली. नशीब पाय, दोघी याच गावात देल्ल्या. तानाबाई माहेराहून आली का पहिले आमच्या मागच्या दारी ये. सासू दारात उभी राहे, हे आंगनात. 'गावचं सांग वं,' म्हने सासू. कोनाची गाय याली, कोनाच्या पोरीचं जमलं, आमराईले मोहर किती. तास तास बोलत. पन वसरीवर कधी चढू देल्लं नाई तिले. पानी मांगतलं तं वरून. मी तवा नवी नवरी. मले वाटे, ह्या दोघी बोलते तं कशा बहिनी-बहिनी, अन् उभ्या कशा राह्यते."

अशा गोष्टी आमच्या घरात नव्या नाहीत. माझ्या आजीच्या तोंडून मी याहून वाईट ऐकल्या आहेत.

"सासू गेली त्या दिवशी नदीले पूर होता," त्या म्हणाल्या. "टेंभरीचे लोक त्या काठावर अडकले. इकडे दुपार झाली. प्रेत ठेवाचं तरी किती? कोनी म्हने थांबा, कोनी म्हने उचला. सासऱ्याईचं एकच, माहेराबिगर नाई उचलाचं. तेवढ्यात तानाबाई आली. निंदन सोडून आलती, पायाले चिखल. हातात कोरं लुगडं. तिच्या भावानं तिले देल्लं होतं, जिवापाड जपलेलं."

"बायांनी विचारलं?"

"रीतच हाय ना विचाराची. 'माहेरचं कोन आलं?' तं हे आंगनातूनच म्हने, 'मी. बहीन.'"

अनुसयाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"सारं आंगन थंड. मोठे पोरगे म्हंजे हेच, माहे मालक. लुगडं त्याईनंच घ्याचं. मिसरूड फुटलं होतं तवा. ते म्हनले, 'हे नाई चालत.' सासरे, लक्ष्मणराव, खांबाले टेकून बसले होते. त्याईनं मान वर नाई केली. म्हनले, 'धुरपता टेंभरीची, हे बी टेंभरीची. घे लुगडं, महादेवा.'"

"घेतलं?"

"घेतलं. हातातून नाई. 'खाली ठेव' म्हनले. तानाबाईनं दारातल्या दगडावर ठेवलं. यांनी त्याच्यावर पानी शिपडलं अन् मंग उचललं."

मी माझ्या सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मी असते तर ते लुगडं त्याच दगडावर पेटवून दिलं असतं आणि वर चार शिव्या घातल्या असत्या. हे मी खोटं सांगत नाही, मला ओळखणारा कोणीही सांगेल. "आई काही बोलली?"

"बोलली. त्याईले नाई, सासूले. दुरूनच म्हने, 'आली वं मी. माहेर आलं. जाय आता.' अन् गेली वावरात, निंदाले."

म्हणजे ते वाक्य तिथून आलं होतं. मी ते भट्टीवर ऐकलं होतं, नंतर किती दारांत ऐकलं होतं, आणि दर वेळी मला वाटायचं की ही काहीतरी जुनी रीत असेल. रीत नव्हती. ते तिनं त्या अंगणात उभं राहून स्वतःचं तयार केलं होतं, पाणी शिंपडलं जात असताना. कोणीही माणूस तिथून घरी जाऊन कडवट झाला असता. ही घरी जाऊन पेटी भरत बसली. एका दारात तिचं लुगडं दगडावर ठेवायला लावलं, तर ही जन्मभर दारोदार लुगडी घेऊन फिरली आणि प्रत्येक ठिकाणी हातात देऊन आली. मला हे एवढं मोठं वाटलं की रडूसुद्धा आलं नाही.

"एक गोष्ट सांगू?" अनुसयाबाई हळू म्हणाल्या. "सासूची बहीन म्हून तिचं लुगडं घेतलं. मंग नातं लागलं का नाई? लागलंच. यांची मावशी झाली ते. पन यांच्या तोंडून आजवर काय निंगालं? 'ए तानाबाई, उद्या वेचाले येतं का?' बस. मी एकदा म्हनलं होतं, मावशी म्हना वो तिले. तं ताटावरून उठले."

आता मला कळलं त्यांनी मला का बसवलं ते. माहेर होतं. इथंच, बाहेर मांडवात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं होतं.

"तुम्ही सांगा ना त्याईले," मी म्हटलं.

"मी नाई सांगत." त्यांचा आवाज एकदम घट्ट झाला. "सांगून आनलं तं ते माहेर कायचं?"

त्यांचं बरोबर होतं. पण माझ्याच्यानं बसवेना. मी उठले आणि दारात गेले. एवढंच ठरवलं होतं की त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि बघायचं, माझ्या डोळ्याला डोळा देतात का. मांडवात गाव भरलं होतं. कापसाच्या पहिल्या वेच्याचे दिवस, तरी लोक कामं टाकून मातीला आले होते. महादेवरावांची खुर्ची रिकामी होती.

"काका कुठं गेले?" मी प्रफुल्लला विचारलं.

"गेले घरी. गुडघा दुखत असन. दोन तास बसले होते."

मी आत आले आणि अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. त्या सासूच्या अंगावरची चादर सारखी करत राहिल्या. मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढ्या वयाचा माणूस, आयुष्यभर वरच्या ओट्यावर बसून गावाला शहाणपण सांगितलं, आणि एक शब्द उच्चारायची वेळ आली तर गुडघा पुढं केला.

सिंदी रेल्वेहून माझी नणंद भावना आली. तिचं रडणं झालं. बौद्धाचार्यांनी मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण झालं, पंचशील झालं. ऊन उतरायला लागलं होतं. प्रफुल्ल माझ्याजवळ आला आणि या वेळी मास्तरसारखं नाही, पोरासारखं बोलला. "पौर्णिमा, किती वेळ ठेवाचं आईले? मी तरी काय करू? कोनी नाई तिचं." त्याच्या हातात पेटीतलं तेच लुगडं होतं, घामानं ओलं झालेलं.

त्याला नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी मान हलवली. आपल्याच पेटीतलं, आपल्याच मुलाच्या हातानं, ज्या बाईनं अनोळखी बायांनासुद्धा असं जाऊ दिलं नाही तिलाच असं जावं लागणार होतं. त्यानं घडी मोडायला घेतली.

तेवढ्यात मांडवात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. लोक वाट करून देत होते.

महादेवराव आमच्या गल्लीतून चालत येत होते. काठी घरीच राहिली होती, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. दोन्ही तळव्यांवर हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. एक पाय ओढत, खाली न बघता ते येत होते. मागे-पुढे घरचं कोणी नव्हतं.

"अवं," अनुसयाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हे तं माह्या भावानं मले देल्लेलं. माही पेटी उघडली यांनी."

ते दाराशी आले आणि थांबले. आता विचारायचं बायांनी. पण बाया गप्प. वरच्या आळीचा हा माणूस आमच्या दारात लुगडं घेऊन उभा, त्याला विचारायचं कोणी आणि कसं? आमच्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर त्याच्यापुढं पदर डोळ्यांवर ओढलेला. मी सासरची, मला विचारता येत नाही. बाहेर पुरुष उभे राहिलेले, आत आम्ही बसलेल्या, आणि उंबऱ्यावर तो म्हातारा, लुगडं तसंच धरून.

मग अनुसयाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ नवऱ्याकडं बघून विचारलं, "माहेरचं कोन आलं?"

महादेवरावांनी बायकोकडं पाहिलं. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालेली. तिनं चारचौघांत त्यांना प्रश्न विचारल्याचं गावानं पहिल्यांदा पाहिलं असेल.

"मी," ते म्हणाले.

"मी कोन?"

त्यांनी हातातल्या लुगड्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता वळतील आणि जातील. माझी सासू जिवंत असती तर तिनं अशा वेळी त्यांना अवघड जाऊ नये म्हणून काहीतरी भलतंच बोलून विषय बदलला असता, हे मला माहीत होतं. पण ती आज कोणाला सोडवणार नव्हती.

"भाचा," महादेवराव म्हणाले. मग मांडवातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "मी भाचा हाय तिचा. टेंभरीच्या धुरपतेचा पोरगा. माही मावशी हाय हे."

कोणीतरी हुंदका दिला. ती माझी नणंद होती की मी, आता आठवत नाही.

प्रफुल्ल गोंधळला होता. हातातलं लुगडं त्यानं घाईनं माझ्याकडं दिलं आणि एवढ्या मोठ्या माणसाला किती वेळ उभं ठेवायचं म्हणून जवळच्या स्टुलाकडं बोट केलं. "काका, ठेवा ना इथं. मी घेतो."

"नाई," महादेवराव म्हणाले. "खाली नाई ठेवत. हातात घे, प्रफुल्ल. हातातून घे माह्या."

प्रफुल्लनं हात पुढं केले. त्याला त्या दगडाची गोष्ट ठाऊक नव्हती, त्यामुळे तो म्हातारा लुगडं दिल्यावरही त्याचे हात का सोडत नाही हे त्याला कळेना. मला कळत होतं. दोघंही तसेच, चार हातांत ते एक लुगडं धरून, आत आले.

बायांनी ते पांढऱ्या चादरीवर पसरलं. महादेवराव दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. बराच वेळ उठले नाहीत. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"मावशी," ते म्हणत होते, "आपल्या दोघाईच्या मधात नदी नव्हती वं. तरी मले एवढा वेळ लागला."

मग आम्ही तिला उचलली.